हेवीवेट डब्यांची मॉडेलं: डबे जमवायचे की गाडी?

क्लिअरस्टोरी

छंदांच्या धाग्यावर मी रेल्वेच्या एका हिरव्या डब्याच्या मॉडेलचा फोटो टाकला होता. त्यावर बरेच प्रश्न आले. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

साधारण १९०७ पासून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत जे पोलादी प्रवासी डबे बांधले गेले, ते हेवीवेट. लांबी ऐंशी फुटांच्या आसपास, वजन ऐंशी टनांच्या घरात. खाली दोन ट्रक (म्हणजे चाकांच्या बोगी), बहुतेक प्रत्येकी सहा चाकांचे. छप्पर मधोमध उचललेलं, त्याच्या दोन्ही अंगांना छोट्या खिडक्यांची रांग. फरशीत चक्क काँक्रीटचा थर, कारण त्याने खडखडाट दबतो आणि डबा रुळावर बसून चालतो. १९३४ नंतर चकचकीत, हलक्या स्ट्रीमलाइनर गाड्या आल्या, तेव्हा या जुन्यांना हेवीवेट म्हणायला लागले.

पोलाद आलं ते मुख्यतः आगीच्या भीतीने. पेनसिल्व्हेनिया रेलरोडला हडसन नदीखालून बोगदे काढून थेट मॅनहॅटनमध्ये शिरायचं होतं. बोगद्यात लाकडी डबा पेटला तर काय, हा विचारच नको वाटावा असा. त्यांनी ठरवून टाकलं की बोगद्यात पोलादीच डबे जातील. त्यांचं मॅनहॅटनमधलं पेन स्टेशन १९१० साली सुरू झालं आणि त्याच वर्षापासून पुलमन कंपनीचे पोलादी स्लीपर, म्हणजे झोपायचे डबे, धडाधड बाहेर पडू लागले. त्यांचा पहिला पोलादी स्लीपर 'जेम्सटाउन', १९०७ चा. कंपनीचे अध्यक्ष तेव्हा अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव रॉबर्ट टॉड लिंकन होते, हे जाता जाता.

आता मुद्द्याचं. ही मॉडेलं जमवणारे बहुतेक जण डबे जमवतात. दिसला, आवडला, घेतला. कपाटात वीस डबे होतात, पण त्यातल्या कुठल्याही सहांची गाडी जुळत नाही. माझं म्हणणं, गाडी जमवा. एक मार्ग धरा, एक वर्ष धरा, आणि त्या वर्षी त्या मार्गावर रात्रीच्या गाडीला कुठले डबे लागायचे ते शोधून तेवढेच घ्या.

हेवीवेटमध्ये हे परवडतं, याचं कारण पुलमन. झोपायचे डबे बहुतांशी रेल्वे कंपन्यांचे नव्हतेच, पुलमनचे होते. डबा त्यांचा, पोर्टर त्यांचा, चादरी त्यांच्या. रेल्वेने फक्त ओढायचं. हिवाळ्यात फ्लोरिडाकडे गर्दी झाली की डबे तिकडे, उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणांकडे. बहुतेक सगळे एकाच काळपट हिरव्या रंगाचे, वर सोनेरी अक्षरांत 'पुलमन', खाली मधोमध डब्याचं नाव. त्यामुळे तुमच्याकडचा एक साधा हिरवा १२-१ आज न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या गाडीला लावा, उद्या सदर्न रेल्वेच्या. दोन्हीकडे शोभतो. स्ट्रीमलाइनरमध्ये हे जमत नाही, तिथे एका गाडीचा डबा दुसरीला लावला की लग्नात दोन वेगळ्या बँडचे वादक एकत्र उभे केल्यासारखं दिसतं.

१२-१ म्हणजे बारा सेक्शन आणि एक ड्रॉइंग रूम. सेक्शनमध्ये समोरासमोरच्या दोन बाकांचा रात्री खालचा बर्थ होतो, वरचा छताजवळून खाली ओढायचा, पुढे जाड पडदा. ड्रॉइंग रूम तिघांची, स्वतःच्या संडाससकट. एकूण सत्तावीस माणसं. हा पुलमनचा सगळ्यात जास्त संख्येने बांधलेला प्रकार, म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधी हाच घ्यावा.

बाकी प्रश्न येतील तसं लिहितो.

लोणावळा_लोकल

वा! वाचनखूण साठवली आहे. फोटो टाका की राव, नुसत्या शब्दांवर भागवताय.

मंजिरी_प

छान माहिती. पण नवख्या माणसाने घ्यायचं कुठल्या कंपनीचं? नवऱ्याच्या पन्नाशीला भेट द्यायची आहे, त्याला यातलं सगळं कळतं आणि मला काहीच नाही. आम्ही ओहायोत असतो.

क्लिअरस्टोरी

मंजिरीताई, आधी गुपचूप बघा की त्यांच्या रुळांची रुंदी किती आहे. साडेसोळा मिलिमीटर असेल तर एचओ, म्हणजे १:८७. नऊ मिलिमीटर असेल तर एन, म्हणजे १:१६०. हे चुकलं तर भेट शोकेसमध्येच राहील.

एचओ असेल तर बाजारात ढोबळमानाने असं आहे:

रिव्हारोसी. मूळ इटलीतल्या कोमोची कंपनी, १९४५ ची. सत्तरच्या दशकात एएचएम नावाच्या फिलाडेल्फियाच्या आयातदाराने यांचे डबे अमेरिकेत भरपूर खपवले. पूर्ण लांबीचे, त्या काळाच्या मानाने फार सुबक. जुने आजही वीस-पंचवीस डॉलरला मिळतात.

वॉल्थर्स. मिलवॉकीची, १९३२ पासून आहे. पूर्वी लाकडाचे आणि पत्र्याचे किट विकायचे, आता तयार डबे. आतली आसनं, छताखालचे दिवे बसवायची सोय, सगळं नीट. किंमत जुन्या रिव्हारोसीच्या तिप्पट-चौपट सहज.

ब्रांचलाइन. यांचे किट जोडायला बसलात तर दोन रविवार जातात, पण प्लास्टिकमधला १२-१ याहून बारीक कुणी केला असं मला वाटत नाही. कंपनीने आवरतं घेतल्यावर साचे अ‍ॅटलसकडे गेले.

अ‍ॅथर्नचे जुने निळ्या खोक्यातले डबे सांता फे रेल्वेच्या धर्तीचे, पण लांबीला आखूड केलेले. वळणावर छान फिरतात, पण पूर्ण लांबीच्या डब्याशेजारी उभे केले की बुटके दिसतात.

पितळेचे जपानी-कोरियन डबे हा वेगळा संसार आहे. पन्नाशीला नको, साठीला बघा.

अर्विंग्टनचा_पोऱ्या

क्लिअरस्टोरी, तुमचं 'वर्ष ठरवा' वगैरे वाचून गृहपाठ दिल्यासारखं वाटलं हो. मी न्यूजर्सीत राहतो आणि लायनेल या जुन्या अमेरिकन कंपनीच्या खेळण्यातल्या गाड्या जमवतो. आम्हाला स्केल-बिल काही नको. १९४१ साली लायनेलने बेकलाइटचे (जुनं, जड, कडक प्लास्टिक) हेवीवेट काढले, संग्राहक त्यांना मॅडिसन कार म्हणतात. युद्धानंतरच्या डब्यांवर तीन नावं: अर्विंग्टन, मॅडिसन, मॅनहॅटन. यातलं अर्विंग्टन इथलंच गाव, लायनेलचा कारखाना पूर्वी तिथे होता. त्या डब्याला हातात घेतलं की जे वजन लागतं ना, ते तुमच्या प्लास्टिकला यायचं नाही.

आणि ब्लू कॉमेट विसरलात! सेंट्रल रेलरोड ऑफ न्यूजर्सीची जर्सी सिटी ते अटलांटिक सिटी गाडी. २१ फेब्रुवारी १९२९ ला सुरू, १९४१ ला बंद. निळे डबे, क्रीम पट्टा, आणि प्रत्येक डब्याला धूमकेतूचं नाव. लायनेलने १९३० मध्ये त्याची स्टँडर्ड गेजची (हे लायनेलचं स्वतःचं मोठं माप) गाडी काढली, तिच्या डब्यांवर फाये, वेस्टफाल आणि टेंपल. धूमकेतू शोधणाऱ्या खगोलवाल्यांची नावं खेळण्यावर! असलं काही असल्यावर खिडक्या मोजत बसतो कोण?

कोथरूडचा_पंत

पोऱ्याशेठशी सहमत. आणि क्लिअरस्टोरीशीही सहमत. भांडण चालू राहू द्या, आम्हाला वाचायला मजा येते.

क्लिअरस्टोरी

पोऱ्याशेठ, ब्लू कॉमेट मी विसरलो नव्हतो, तुमच्यासाठी राखून ठेवली होती. :)

पण बघा, तुम्ही जे केलंत तेच मी सांगतोय. ब्लू कॉमेट ही एक गाडी आहे, तिचा मार्ग आहे, तिची वर्षं आहेत. तुमच्या निळ्या तीन डब्यांमध्ये तुम्ही चौथा पिवळा डबा लावाल का? नाही लावणार. मग गृहपाठ तुम्हीही केलाय, फक्त लायनेलने तो तुमच्यासाठी आधीच करून दिला.

खिडक्या मोजण्याबद्दल. मोजाव्या लागतात, कारण हेवीवेटची एक बाजू दुसरीसारखी नसते. एका अंगाला खोल्या, दुसऱ्या अंगाला बोळ. एका टोकाला पुरुषांची न्हाणी आणि धूम्रपानाची जागा, दुसऱ्या टोकाला बायकांची. जिथे संडास तिथली काच धुरकट. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये दोन्ही बाजू एकच साचा उलटा करून मारलेल्या असतात. एकदा डोळ्याला कळलं की मग तो डबा बघवत नाही.

आणि छप्पर. हे सगळ्यात महत्त्वाचं. १९३० च्या दशकात पुलमनने डबे भराभर वातानुकूलित केले. थंड हवेची नळी छपरात घालायची तर उचललेल्या भागाच्या कडेची खाच झाकावी लागली. त्यामुळे वातानुकूलित डब्याचं छप्पर एका किंवा दोन्ही अंगांना फुगीर दिसतं, मधल्या छोट्या खिडक्या गायब होतात. खालीही फरक पडतो. काही डब्यांना बर्फाच्या पेट्या, काहींना वाफेवर चालणारं यंत्र, काहींना कॉम्प्रेसर. म्हणजे नुसतं छप्पर बघून सांगता येतं की ही गाडी १९२८ ची की १९३८ ची. १९२८ च्या गाडीत फुगीर छपराचा डबा घालणाऱ्याला मी काही बोलत नाही. फक्त परत त्याच्याकडे चहाला जात नाही.

अर्विंग्टनचा_पोऱ्या

हा हा. म्हणजे आमच्याकडे चहा नाही तर.

रेणुका_शिकागो

धागा छान चाललाय, पण एक गोष्ट अजून कुणी काढली नाही म्हणून लिहिते.

या डब्यांतला पोर्टर. पुलमनने सुरुवातीपासून हे काम कृष्णवर्णीयांना दिलं, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना. पगार तुटपुंजा, बाकी टिपांवर. रात्रभर जागायचं, बर्थ लावायचे, बुटांना पॉलिश करायचं, आणि प्रवासी सरसकट सगळ्यांना 'जॉर्ज' अशी हाक मारणार, मालक जॉर्ज पुलमन म्हणून. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांची संघटना उभी राहिली. कंपनीने बारा वर्षं झुलवलं, शेवटी १९३७ मध्ये करार केला. पुढे १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चामागेही रँडॉल्फच होते. नागरी हक्कांच्या चळवळीला या डब्यांनी माणसं दिली, पैसा दिला, आणि बातम्या गावोगाव पोचवायची वाट दिली.

शिकागोच्या दक्षिणेला पुलमनने वसवलेलं गाव आहे, कारखान्याच्या घड्याळाच्या मनोऱ्यासकट. २०१५ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. जवळच पोर्टरांचं वेगळं संग्रहालय आहे, रँडॉल्फ यांच्या नावाचं. इथे येणाऱ्या पाहुण्यांना मी मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या आधी तिथे नेते, पाहुणे कुरकुरतात, नंतर गप्प होतात.

मॉडेलमध्ये माणसं बसवता ना तुम्ही लोक? मग दारातल्या पायरीपाशी पांढऱ्या कोटातला एक माणूस उभा करा. त्याच्याशिवाय तो डबा पुलमनचा वाटत नाही.

क्लिअरस्टोरी

रेणुकाताई, +१००. वर मी 'पोर्टर त्यांचा' एवढ्यावर उरकलं. पांढऱ्या कोटातले पुतळे तयार मिळतात. पायरीखाली ठेवायचं पिवळं स्टूल सुट्या भागांत मिळतं, भातुकलीतल्याहून लहान. ते लावलं की डबा स्टेशनात उभा आहे हे लगेच कळतं.

कोथरूडचा_पंत

आता आमच्याकडचं. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. एचओचा पूर्ण लांबीचा डबा किती जागा खातो, वळण केवढं लागतं, आणि हे सगळं पुण्यात राहून जमवणं शहाणपणाचं आहे का? भाऊ जोशींच्या मिनिएचर रेल्वेच्या संग्रहालयात नातवाला इतक्यांदा नेलंय की आता तोच मला माहिती देतो. घरी काहीतरी हवं म्हणून हट्ट धरून बसलाय.

दुसरं म्हणजे, आपल्या दख्खनच्या राणीचं काय? १ जून १९३० ची गाडी, म्हणजे तुमच्या हेवीवेटच्याच काळातली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या, सांगाडे इंग्लंडहून आणलेले, वरचे डबे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात बांधलेले. एक गाडी रुपेरी, लाल पट्ट्यांची. दुसरी निळी, सोनेरी रेघांची. कुणी केलंय का तिचं मॉडेल?

खिळा_आणि_पट्टी

पंतकाका, मी उत्तर देतो, मी अशाच फ्लॅटमध्ये हे उद्योग केलेत.

ऐंशी फुटी डबा एचओमध्ये अकरा इंच, म्हणजे अठ्ठावीस सेंटिमीटर. दहा डब्यांची गाडी केली की इंजिन सोडून तीन मीटरच्या आसपास. तुमच्या हॉलची एक भिंत संपली. सहा डबे करा, कुणी रागावत नाही.

वळणाचं नीट बघा. जुन्या रिव्हारोसीची डबे जोडायची कडी ट्रकला जोडलेली असते, ट्रक वळला की कडीही वळते. त्यामुळे अठरा इंची त्रिज्येवरही डबा निघून जातो, फक्त वळणावर दोन डब्यांची तोंडं एकमेकांपासून फाकलेली दिसतात. नव्या डब्यांत कडी डब्याच्या अंगाला असते. तिथे चोवीस इंचाखाली जाऊ नका, आणि दिसायला बरं हवं तर तीसच्या पुढे. चोवीस इंच त्रिज्या म्हणजे गोल सव्वा मीटर रुंद, फळी त्याहून मोठी. पलंगाखाली सरकणारी फळी केलीत तर बायको आणि रेल्वे दोन्ही घरात राहतात.

जुनी रिव्हारोसी घेतलीत तर चाकं पहिल्यांदा बदला. त्यांच्या चाकांच्या कडा फार खोल, इथे लोक त्यांना पिझ्झा कापायचं चाक म्हणतात. जाड, कोड १०० च्या रुळावर चालून जातात. कमी उंचीचे रूळ असतील तर खिळ्यांच्या डोक्यांवर टकटक करत पळतात आणि सांध्यावर उड्या मारतात. छत्तीस इंची (अर्थात स्केलमधली) धातूची चाकं मिळतात. घेताना आसाची लांबी मात्र जुन्याशी ताडून पाहा, सगळ्यांच्या सारख्या नसतात. आस लांब पडला तर ट्रकची बाजू बाहेर फुगते, आखूड पडला तर चाक डगमगतं. बोटाने ढकलून डबा टेबलावर सोडायचा. सरळ रेषेत लांबवर गेला तर बसला.

वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए संघटनेचं सूत्र सोपं आहे: एचओसाठी एक औंस, वर दर इंचाला अर्धा औंस. अकरा इंची डब्याला साडेसहा औंस, म्हणजे १८५ ग्रॅमच्या जवळपास. बरेच जुने डबे त्याहून हलके असतात, मग वळणावर आतल्या अंगाला आडवे होतात. मी मासेमारीच्या जाळ्याचं शिसं फरशीला चिकटवतो. खाली, मधोमध. छपराजवळ नको.

दख्खनच्या राणीबद्दल: घरगुती कारागिरीने केलेली पाहिली आहे, दुकानातली नाही. त्यात एक गोची आहे. आपली ब्रॉडगेज पाच फूट सहा इंच, म्हणजे १:८७ ला साधारण १९.३ मिलिमीटर. पण एचओचे रूळ साडेसोळाचे, चार फूट साडेआठ इंचांच्या गेजसाठी. आपला डबा त्यावर ठेवला की खाली पाय बारीक आणि वर अंग रुंद. डोळ्याला सवय होते म्हणतात. मला अजून झालेली नाही.

एन_स्केलवाली

एचओवाल्यांनो, दोन बेडरूमच्या फ्लॅटला सरळ एन सांगा ना! डबा सहा इंच. मायक्रो-ट्रेन्सचे हेवीवेट एनमध्ये बघा, खिडकीच्या चौकटीसुद्धा वेगळ्या दिसतात. दहा डबे दीड मीटरच्या थोडे पुढे जातात, आणि गाडी गाडीसारखी लांबलचक वाटते. सहा डब्यांची एचओ म्हणजे शटल.

खिळा_आणि_पट्टी

खरंय. पण सहा वर्षांच्या नातवाच्या हातात एनचा डबा? पंतकाकांनी ठरवावं.

मंजिरी_प

साडेसोळा मिलिमीटर निघाली!! एचओ. कपाटात डोकावले तर हिरवे डबे आहेत सहा, पैकी पाचांची छपरं मधे उचललेली आणि एकाचं फुगीर. म्हणजे हाच तो चहाचा प्रकार का?

क्लिअरस्टोरी

ताई, हसून हसून पुरेवाट. फुगीर छपराचा असेल तर तुमचे यजमान दोन काळ मिसळतायत, किंवा बदलाच्या काळातली गाडी करतायत. १९३३-३४ च्या आसपास एकाच गाडीत दोन्ही प्रकारचे डबे असायचे, त्यामुळे संशयाचा फायदा देऊ. डब्यांची नावं वाचून सांगता का? 'ग्लेन' अमुक असेल तर सहा कंपार्टमेंट, तीन ड्रॉइंग रूमचा. 'लेक' अमुक असेल तर दहा सेक्शन, दोन कंपार्टमेंट, एक ड्रॉइंग रूमचा. नावावरून कुळी कळते, मग जे नाही ते भेट द्या.

मंजिरी_प

चारांवर 'पुलमन' आणि खाली नाव. ग्लेन, लेक काही नाही, चारही एकसारखे दिसतात, खिडक्यासुद्धा. पाचवा सामानाचा, रुंद दारांचा. सहावा, फुगीर, त्यावर डायनर लिहिलंय.

अर्विंग्टनचा_पोऱ्या

डायनर फुगीर असेल तर वहिनी, तुमचे यजमान पक्के आहेत. जेवणाचे डबे रेल्वेचे स्वतःचे असायचे आणि थंड हवा त्यांना आधी मिळाली. बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वेने १९३० मध्येच एक डायनर थंड केला होता, 'मार्था वॉशिंग्टन' नावाचा. क्लिअरस्टोरी, आता जा त्यांच्याकडे चहाला.

क्लिअरस्टोरी

जातो. ओहायो काही लांब नाही.

मग चार १२-१, एक सामानाचा, एक डायनर. गाडीला शेपूट नाही. मागे उघड्या सज्जाचा ऑब्झर्व्हेशन डबा हवा, पितळी कठड्याचा. १९४८ ची निवडणूक जिंकल्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन 'ड्यूई डिफीट्स ट्रूमन' असा चुकीचा मथळा छापलेलं वर्तमानपत्र उंच धरून फोटोत हसताना दिसतात ना, ते अशाच सज्जावर उभे आहेत. तो डबा 'फर्डिनंड मॅगेलन', पुलमनचा १९२९ चा, युद्धात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टसाठी चिलखती केला, वजन २,८५,००० पौंड झालं. मायामीच्या संग्रहालयात आहे. तुम्हाला अर्थातच साधा, हिरवा घ्यायचाय. छप्पर उचललेलं, खिडक्यांसकट, फुगीर नको.

कोथरूडचा_पंत

नातवाला विचारलं. म्हणाला, "मोठे डबे." विषय संपला, एचओ. पलंगाखालच्या फळीचं माप कुणी देईल का? आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

खिळा_आणि_पट्टी

फळी १३५ सेंटिमीटर रुंद धरा, लांबी पलंगाएवढी, खाली चाकं. आधी पलंगाखालची उंची मोजा, डबा रुळासकट सहा-साडेसहा सेंटिमीटर जातो.

पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या. जुन्या खोक्यांतला स्पंज काढून टाका, तो वर्षांनी विरघळून रंगाला चिकटतो. त्याऐवजी टिश्यू कागद. युद्धापूर्वीचं ओतीव जस्ताचं काही घेणार असाल तर बारीक भेगा आणि फुगवटे बघून घ्या. मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर तो आतून भुगा होतो, त्याला औषध नाही.

अर्विंग्टनचा_पोऱ्या

वहिनी, माझ्याकडे रिव्हारोसीचा हिरवा ऑब्झर्व्हेशन जास्तीचा आहे, एका लॉटमध्ये आला होता. आम्हा लायनेलवाल्यांना तो काय कामाचा. चाकं जुनीच आहेत, कठड्याची एक दांडी वाकलीय. टपालखर्च द्या, पाठवतो. व्यनि करतो.

मंजिरी_प

पाहिला व्यनि, उत्तर दिलंय. पत्ता ऑफिसचा देते, घरी नको पाठवू. खिळापट्टी, चाकं बदलायला आसाची लांबी कशाने मोजू? साधी पट्टी चालेल का?

खिळा_आणि_पट्टी

पट्टी नको, डिजिटल कॅलिपर घ्या. यजमानांच्या खणात नक्की असेल.